खिंडीतले दगड

बीडहून निघालं की पालीपर्यंत डांबर. मांजरसुंब्याचा घाट चढून लिंबागणेश येईतो तेही डांबरच. पण लिंबागणेश मागं टाकून डाव्या हाताला वळलं, की रस्ता पायातल्या वहाणा काढून ठेवतो आणि पुढं अनवाणीच चालू लागतो. आधी मुरूम, मग नदीची वाळू, मग काळी माती, आणि शेवटाला फुफाटा. झाडाचं नाव नाही. असलीच तर एखादी बाभळ, तीही रस्त्याकडं पाठ करून उभी.

शहाण्णव सालच्या चैत्रात या वाटेनं आठवड्यातून दोनदा राधाकिशन ड्रायव्हर आपल्या मालकांचा, रेवणप्पांचा टेंपो घेऊन जात होता. टेंपोत थंड पेयाच्या काचेच्या बाटल्या. रेवणप्पांचं बीडात वाडवडिलांपासूनचं भुसाराचं दुकान. पण दिवस बदलले, टीव्हीवर नव्या जाहिराती आल्या, तशी त्यांनी या बाटल्यांची एजन्सी घेतली. ज्या वाडीत नळ पोचला नव्हता, तिथल्या टपरीवरही आता लाल पत्र्याची पाटी उन्हात चमकत होती.

"काचेचा माल हाय, राधाकिशन," रेवणप्पा दर खेपेला गादीवरून म्हणायचे. "एक बाटली फुटली ना, तर तिचा आवाज मला हितं बसून ऐकू येतो."

"तुमच्या आधी म्हाळूला येईल, मालक. त्यो बाटल्यांच्या उशालाच झोपतो."

म्हाळू म्हणजे टेंपोचा क्लीनर. राधाकिशनच्याच वयाचा, पन्नाशीला टेकलेला. पण त्या गुरुवारी म्हाळू भाचीच्या लग्नाला नारायणगडाकडं गेलता. टेंपोत राधाकिशन एकटा, आणि मागं बाटल्यांची किणकिण. एकट्या माणसाला ती किणकिण बायकांच्या बोलण्यासारखी वाटते. शब्द कळत नाहीत, पण घर भरल्यासारखं होतं. बायको, छबुबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून राधाकिशनच्या घरात असला आवाज नव्हता.

त्याच्या गाडीत बाटली फुटत नसे, ही गोष्ट खरी. त्याला रस्ता तळपायातून कळायचा. मुरमावर तो ब्रेकला पाय लावायचा नाही. जोंधळ्याच्या राशीवर पाय दिल्यावर माणूस घसरतो तशी तिथं गाडी घसरते, म्हणून वळण यायच्या आधीच गिअर उतरवून गाडीला समजावून ठेवायचा. जिथं मुरमाला आडव्या पन्हाळ्या पडलेल्या, तिथं फार हळू गेलं तरी बाटल्या उडतात आणि फार जोरात गेलं तरी गाडी हातातून सुटते. मधली एक चाल असते, ती शोधायची. काळ्या रानात उन्हाळ्याच्या भेगा चाकाएवढ्या रुंद. त्या तिरप्या ओलांडायच्या, सरळ गेलं की चाक गिळतात. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तीस वर्षं माळानंच शिकवलं होतं, कधी गोडीनं, कधी कानफटात मारून.

आज मात्र त्याचं अर्धं मन रस्त्यावर होतं आणि अर्धं खिशातल्या पोस्टकार्डावर. कार्ड लेकीचं, प्रियदर्शनीचं. शाळेतल्या मास्तरांनी नाव ठेवलं ते एवढं मोठं, घरात सगळे दर्शीच म्हणायचे. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार. साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या टोळीवरून तिनं लिहिलं होतं:

'दादा, गुरुवारी आमची टोळी परत येते. ट्रक तीन वाजता काळेवाडी फाट्यावर चहाला थांबेल. लेकराला बघायला या. घरी येऊ नका, मामंजी अजून रागात आहेत.'

राग कशाचा, ते तिच्या सासरला, सगळ्या काळेवाडीला ठाऊक होतं. गेल्या दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा दर्शीला पाचवा महिना होता. पहिलटकरीण, बाळंतपण माहेरी व्हायचं. राधाकिशन न्यायला गेला. तिचे सासरे आप्पाराव ओट्यावर बसूनच म्हणाले, "तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई. बाळंतपण कोण करनार, तुमी?" आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या गड्याला मुकादम घेत नाही. ट्रक बोळाच्या तोंडाशी उभा, वर माणसं चढलेली. राधाकिशनचा तोल गेला. चारचौघांत तो बोलून बसला, "मानसं हाईत का जनावरं तुमी? गाभण गाय सुदिक कुनी नांगराला जुंपत न्हाई." आप्पाराव उठून उभे राहिले. "या दारात परत पाय ठिवायचा न्हाई." राधाकिशन म्हणाला, "न्हाई ठिवनार."

ट्रक गेला. उसाच्या फडाजवळच्या खोपीत माघ महिन्यात दर्शीला मुलगी झाली. शेजारच्या खोपीतल्या बायांनी केलं सगळं. राधाकिशनला ते कार्डावरच कळलं.

आज फाट्यावर नाही भेट झाली, तर पुढं कधी? पाऊस पडला की पेरणी, पेरणीनंतर खुरपणी, आणि दसऱ्याला पुन्हा ट्रक. फाट्यावरचा तो चहा म्हणजे वर्षातला अर्धा तास होता. तेवढाच.

सव्वा वाजता खिंडीच्या चढावर मागचं चाक बसलं.

खिंड म्हणजे दोन टेकाडांमधली अरुंद वाट. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला ओघळीचा खोल खड्डा, आणि माथ्यावर असं वळण, की पलीकडून येणाऱ्याला पुढचं काही दिसतच नाही. नेमकी वळणाखाली गाडी उभी राहिली. हातब्रेक चढावर भरवशाचा नव्हता. राधाकिशननं उतरून चार मोठाले दगड आणले, मागच्या-पुढच्या चाकांना उताराच्या बाजूनं टेकवले, आणि मग जॅक लावला. दगड लावणं आणि काढणं हे एरवी म्हाळूचं काम. म्हाळू दगड लावताना मोजायचा आणि काढतानाही मोजायचा, मोठ्यानं, देवाचं नाव घेतल्यासारखा. राधाकिशन नुसतं स्टिअरिंगवर बसून त्याचं "चार" ऐकायचा आणि गिअर टाकायचा.

चाक बदललं. घामानं डोळे चुरचुरत होते. घड्याळात पावणेदोन. त्यानं हात चिंधीला पुसले, स्टिअरिंगवर बसला, मनात म्हणाला, पोहोचतो वेळेत. गाडी चढाला लागली, वळण घेतलं, खिंड मागं पडली.

पुढं पन्हाळ्यांचा रस्ता. दोन वाड्या लागल्या, दोन्ही कुलपं लावलेल्या. दसऱ्याला टोळ्या गेल्या की इथली गावं अशी होतात. दारांना कुलूप, उंबऱ्यावर वाळलेली शेवाळ, एखादा म्हातारा पारावर हात डोळ्यांवर धरून बसलेला. गाडीचा आवाज आला की तो उठतो. ट्रक नाही म्हणून कळलं की परत बसतो. आता पाडव्यानंतर टोळ्या परतू लागल्या होत्या. रोज एखादा ट्रक कुठल्या ना कुठल्या वाटेनं येत होता; वर माणसं, भांडी, कोंबड्या, गोधड्या, आणि गोधड्यांत लेकरं.

नदी आली. नदी म्हणजे नुसती वाळू, पाव मैल रुंद, पांढरी, उन्हानं धगधगणारी. अलीकडच्या काठावर त्यानं चारी चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. भरल्या चाकानं वाळूत गेलं की गाडी रुतते. चाक जरा पसरलं की वाळूवरून उंटाच्या पायासारखं चालतं. मग दुसरा गिअर, एकच चाल. ना ब्रेक, ना वळण, ना थांबणं. वाळूत थांबला तो तिथंच राहिला. या नदीत छबुबाईला बसवून तो पहिल्यांदा आला होता तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते, आणि पलीकडं गेल्यावर भीती घालवायला जात्यावरची ओवी म्हटली होती, स्वतःच जुळवलेली:

माळाच्या माळावरी, कुणाची गाडी धुरळती
लेक निघाली नांदाया, माय उंबऱ्यात झुरती

ओवी आठवली आणि तो गुणगुणू लागला. तिच्यासारखी म्हाळूलाही नदीत बोलायची सवय. नदीच्या मध्यावर आलं की म्हाळू हमखास म्हणायचा, "चार लावले, चार काढले, आता देव आन वाळू."

चार काढले.

राधाकिशनचं गुणगुणणं थांबलं. त्यानं आज मोजल्याचं त्याला आठवेना. उचलल्याचं आठवेना. हात आठवले, चिंधी आठवली, घड्याळ आठवलं. दगड आठवत नव्हते. चारही तिथंच होते, वळणाखाली, वाटेच्या मधोमध.

आणि थांबता येत नव्हतं. गाडी वाळूत होती. पायाला ब्रेक हवा होता आणि तीस वर्षांचं शिक्षण पायाला तो देत नव्हतं. पलीकडचा काठ येईपर्यंत तो तसाच पुढं पुढं जात राहिला, मान मागं वळलेली, हात सरळ.

काठावर गाडी उभी करून तो उतरला. सव्वादोन. फाटा इथून अर्ध्या-पाऊण तासावर. खिंड मागं तेवढीच, वर नदी आणखी दोनदा.

त्यानं स्वतःशी पुष्कळ वाद घातला. या वाटेला येतं कोण? एसटी आज नाही. पोस्टमनची सायकल येते, ती सकाळीच. सायकलवाला दगड बघून उतरेल, हसेल, शिव्या देईल. दर्शीचा ट्रक तर पलीकडच्या बाजूनं येणार, खिंडीत तो जाणारच नाही. मग काय झालं? पण त्याच्या डोळ्यांपुढं ट्रक येतच राहिला. दर्शीचा नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी वाडीचा. वरच्या गोधड्यांवर दुसरी कुणाची तरी दर्शी, मांडीवर लेकरू. उताराला लागलेला ट्रक वळण घेतो, पुढं दगड, डावीकडं ओघळ.

"आरं म्हाळ्या," तो मोठ्यानं म्हणाला, "कावून गेलास बे आजच लग्नाला?"

त्यानं टेंपो वळवला.

पुन्हा वाळू. पुन्हा एकच चाल. अलीकडच्या काठावर चाकांत हवा भरायला हवी होती. बसक्या चाकांनी मुरमावर गेलं की धारदार खडे रबर कापतात, आणि आता जादा चाकही उरलं नव्हतं. पायपंप त्याने स्वतःच मारला. म्हाळू मारताना गाणी म्हणायचा. राधाकिशननं फक्त मोजलं. चौथ्या चाकाला आकडे विसरले, तो मोजत राहिला, काहीतरीच.

खिंडीच्या माथ्यावर पोचला तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. फाट्यावर ट्रक आला असेल. दर्शी उतरली असेल. वळणाच्या अलीकडंच त्यानं गाडी उभी केली आणि चालत पुढं गेला.

वाटेच्या मधोमध एक म्हातारी उभी होती. अंगावर विटकं लाल लुगडं, हातात काठी, काठीला बांधलेलं पटकूर. कडेला सहा-सात शेळ्या कातळाच्या बोटभर सावलीत चिकटून बसलेल्या.

"दगडांचा धनी तूच का रं?" तिनं विचारलं.

"व्हय, मावशी."

"मंग उचल. तीन ढकलले म्या कडेला. ह्यो चौथा ढळंना. पाठ धरलीय माजी."

राधाकिशन वाकला. चौथा दगड तापलेल्या तव्यासारखा होता. त्यानं तो उचलून कातळाच्या बुडाशी टाकला, आणि म्हातारीनं ढकललेले तिन्हीही आणखी आत सरकवले. मग वाटेवर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "चार."

"काय म्हन्लास?"

"काय न्हाई. तुमी कवाधरनं उभ्या हाईत?"

"सावली पायाखालनं जरा सरकली तवापास्नं. आधी वाटलं, कुनी गाडीवाला मेला जनू. दगड हाईत, मानूस न्हाई. मंग तेलाचा डाग बघितला. म्हन्लं, मेला न्हाई, इसरला."

तिचं नाव सोजरबाई. खालच्या वाडीची. घरातली सगळी टोळीला गेलेली. ती आणि शेळ्या मागं.

"कुनी आलतं का, मावशी? या वाटंनं?"

"आलता की. एक टरक, माथ्यापल्याडच्या आडवाटंनं. वर मानसं लादल्याली, टपाएवढी भांडी, लेकरं. म्या आडवी झाले. डायवर लई बोलला. म्हातारे, मरायचंय का, म्हन्ला. म्या म्हन्लं, मला न्हाई, तुलाच मरायचंय, पुढं बघ. मंग उतरला, बघितलं, गप झाला. कडंकडंनं काडला टरक."

राधाकिशन कातळाला टेकून खाली बसला.

"त्यात लेक हाय का माजा, म्हनून बघितलं," सोजरबाई पुढं म्हणाली. "न्हवता. दुसऱ्या वाडीची मानसं व्हती. माजा आज येतो का उद्या, कुनाला ठावं. यायचा ह्याच वाटंनं."

शेळीनं कान झाडले. मग राधाकिशन उठून टेंपोकडं गेला, बर्फ कधीच पाणी झालेल्या पेटीतून एक बाटली काढली, टोपण उडवलं आणि तिच्या हातात दिली. सोजरबाईनं बाटली उन्हाकडं धरून बघितली, एक घोट घेतला आणि दचकून तोंड बाजूला केलं.

"चावतंय की रं हे!"

"गॅस असतो त्यात, मावशी."

"मंग चुलीला लाव की. पोटात कशाला?"

तरी तिनं सगळी बाटली संपवली, थांबत थांबत, प्रत्येक घोटाला डोळे बारीक करून. रिकामी बाटली पदरानं पुसून परत दिली.

"बसा गाडीत. वाडीपर्यंत सोडतो."

"शेरडं कोन, तुजा बाप नेईल? आन पोराची गाडी आली तर? जा तू. तोंड कावून असं झालंय तुजं?"

त्यानं सांगितलं. थोडक्यात, दगडांकडं बघत. लेक, फाटा, तीन वाजता, लेकरू. सोजरबाई ऐकत राहिली. मग तिनं काठी टेकली.

"जाऊन तर बघ. थांबल्याल्या मानसाला येळ कळत न्हाई," ती म्हणाली. "मला कळतीय व्हय?"

परत पन्हाळ्या, परत हवा सोडणं, परत वाळू, पलीकडं परत पंप. काळ्या रानातल्या भेगा त्यानं एकेक करून तिरप्या ओलांडल्या. घाई हातात येत होती, तो ती परत पाठवत होता. फाटा दिसला तेव्हा पाच वाजत आलेले. फाट्यावर एक पिंपरणी, एक टपरी, आणि रस्त्यावर पन्नास माणसांच्या पायांचे ठसे. ट्रक नव्हता.

टपरीवाला बिभीषण काचेचे ग्लास विसळत होता. त्याने राधाकिशनला बघितलं आणि हातातला ग्लास तसाच धरला.

"आरं कुठं मेलतास तू?"

"गेली का?"

"तासभर थांबवला तिनं ट्रक. मुकादम लई कावला. शेवटी ह्यो म्हन्ला चल, त्यो म्हन्ला चल. पोरगी रस्त्यात उभी, उनात, लेकराच्या डोक्यावर पदर धरून. म्या म्हन्लं, पिंपरणीखाली बस की. तर म्हन्ती, तिथनं टेंपो दिसत न्हाई." बिभीषणनं ग्लास खाली ठेवला. "चार वाजता गेले. च्या घे."

चहा राधाकिशननं तसाच ठेवला. बिभीषणच्या रिकाम्या पेट्या टेंपोत चढवल्या, भरलेल्या उतरवल्या. हात आपलं काम करत होते. इथून उजवीकडं वळलं की घरचा रस्ता, लांबचा पण डांबरी. डावीकडं काळेवाडी, दीड कोस, नुसता फुफाटा.

"डावीकडं व्हय?" त्याला वळताना बघून बिभीषण ओरडला. "आप्पाराव तंगड्या मोडंल!"

"मोडू दे. गाडी हातानं चालवीन."

फुफाट्यात पिठासारखी माती घोट्याच्या वर. तिच्याखाली खड्डा आहे की दगड, ते वरून कळत नाही. ट्रकनं गेलेल्या चाकोऱ्यांवर चाक धरून तो जात राहिला. पुढचा माणूस जिथून धड गेला, तिथून आपणही जाऊ, एवढाच त्या वाटेवरचा भरवसा. काचेवर माती, ओठांवर माती. काय बोलायचं, ते मनात जुळवून बघितलं. काहीच जुळलं नाही.

काळेवाडीत सहा महिन्यांनी दारं उघडत होती. कुणी कुलपात तेल सोडत होतं, कुणी खराट्यानं सहा महिन्यांची धूळ ओट्यावरून लोटत होतं, चुली पेटत होत्या, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आलेल्या लेकरांची तोंडं कुरवाळत दारोदार फिरत होत्या. टेंपो त्यानं वेशीच्या बाहेरच लावला. आप्पारावांचं घर बोळाच्या टोकाला. तो बोळाच्या या टोकाला उभा राहिला, वहाणा मातीत.

आप्पाराव ओट्यावर होते. खोपीवरून आणलेली वळकटी सोडत होते. त्यांनी मान वर केली.

"तीन वाजता फाट्यावर यायचं ठरलं व्हतं ना?" आप्पाराव तिथूनच म्हणाले. कार्ड त्यांनीही वाचलेलं होतं तर. "पोरीनं टोळीचा खोळंबा केला."

"दगड रायलते माझे. खिंडीत. काडायला गेलतो."

"आमी खिंडीनं येत न्हाई."

"ठावं हाय."

आप्पाराव त्याच्याकडं बघत राहिले. त्यांची दाढी वाढलेली, हातांना उसाच्या पात्यांचे चरे. सहा महिन्यांत तेही वाकले होते. राधाकिशनला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माफ करतील, नाहीतर शिवी देतील. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. वळकटी काखेत मारून आत गेले, आणि आतून त्यांचा आवाज तेवढा आला, "तुजा बाप आलाय. उनातनं आलाय."

दर्शी बाहेर आली. काळी पडली होती, गळ्याची हाडं वर आलेली. कडेवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं गाठोडं. बोळ तिनं चालत पार केला, पण शेवटची चार पावलं पळाली.

"दादा, म्या लई थांबले."

"बिभीषणनं सांगितलं."

"म्या म्हन्लं, गाडी उलटली का काय तुमची."

"माझी कशानं उलटतीय येडे?" तो म्हणाला. "घरात बाईमाणूस असतं ना, तर..."

"असू द्या, दादा. झालं ते."

तिनं गाठोडं पुढं केलं. राधाकिशननं हात बघितले. पंप, ग्रीस, मुरूम, वाळू, फुफाटा, सगळ्या वाटेची माती त्यावर. सदऱ्याची खालची बाजू उलटी करून त्याने हात पुसले, आणि तेवढ्या आतल्या स्वच्छ कापडावर लेकीची लेक घेतली. तिचं काहीच वजन लागलं नाही. कपाळावर मोठी काजळाची तीट, आणि चेहरा छबुबाईचा. हनुवटी तर तीच.

"नाव काय ठिवलं?"

"बारसं कुठं झालंय. तिथं कोन करनार? समदी चिमे म्हन्त्यात."

"चिमे," त्यानं म्हणून बघितलं. पोरीनं जांभई दिली.

एवढ्यात ऊन पिवळं झालं. दर्शीला चूल पेटवायची होती, सहा महिन्यांच्या बंद घरातून उंदीर हाकलायचे होते. आतून कुणी हाक मारली नाही, पण तिनं दोनदा मागं वळून बघितलं. त्यालाही पुढच्या वाडीला माल टाकून अंधाराआधी डांबर गाठायचं होतं. बारशाला बोलावतील का, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. त्यानं पोरगी परत दिली आणि सदऱ्याची खालची बाजू तशीच उलटी राहिली.

ती वेशीपर्यंत आली. टेंपोच्या दारापाशी उभी राहिली, चिमीचं तोंड पदरानं झाकून, कारण गाडी निघाली की फुफाटा उठतो हे माळावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

राधाकिशननं पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला की बाटल्यासुद्धा किणकिणल्या नाहीत. गाडी निघाली की नाही, कळू नये अशी निघाली. मागं बैलगाडी असती तरी पुढं गेली असती. चाकाखालची माती फक्त बाजूला होत होती, उठत नव्हती. पन्नास हात गेला, शंभर हात गेला, दोनशे हात गेला. इंजिन कुरकुरू लागलं, तरी त्यानं दुसरा गिअर टाकला नाही.

आरशात दर्शी स्वच्छ दिसत होती. तिनं चिमीच्या तोंडावरचा पदर काढला होता आणि तिचा एवढासा हात धरून हलवत होती. वळण आलं, आरशात आता नुसता माळ होता, तरी तो पुढची बाभळ येईपर्यंत पहिल्याच गिअरमध्ये जात राहिला.